दोन्ही कान दिसले पाहिजेत

३ मार्च

बाबांच्या कपाटातली मला सगळ्यात नकोशी असलेली वस्तू आज माझ्याच ताब्यात आली. दादाने ती रुमालात गुंडाळून आणली होती, जणू काचेचं सामान.

"नीट ठेव गं. हे बाबांचं पदक आहे असंच समज."

"बाबांची पदकं तर तुझ्याकडे आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर हे तुला दिलं."

वस्तू म्हणजे पलीकडच्या सैन्यातल्या एका शिपायाचं ओळखपत्र. तळहाताएवढा जाड पुठ्ठा, मधे घडी, वर मेणकापडाचं वेष्टन. आत नाव, नंबर, तुकडी, शिक्का आणि दोन पितळी रिव्हेटांनी ठोकलेला फोटो. बावन्न वर्षांपूर्वी त्या शिपायाला मारून बाबांनी ते त्याच्या खिशातून काढलं आणि आठवण म्हणून घरी आणलं. असं करणारे बाबा एकटेच नव्हते. त्यांच्या मित्रांकडे बिल्ले होते, पट्ट्यांची बक्कलं होती, एकाकडे तर कोणाची तरी प्रेमपत्रं होती. वर्षातून एकदा हे सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत जमायचे. बाबा कार्ड हातोहात फिरवायचे आणि गोष्ट सांगायचे. लहानपणी मला त्या फोटोतल्या माणसाची भीती वाटायची. मोठी झाल्यावर बाबांची लाज वाटू लागली.

आता माजी सैनिक संघटनेच्या नव्या सभागृहात काचेचं कपाट होणार आहे. १४ एप्रिलला उद्घाटन. कार्ड त्यात ठेवायचं आणि खाली लावायचा मजकूर मी लिहायचा, असं सेक्रेटरी आणि दादाने परस्पर ठरवलंय. का, तर माझं अक्षर चांगलं आहे. मजकूर छापून लावणार आहेत, तरी.

७ मार्च

मजकूर होत नाही. तीन कागद फाडले.

गोष्ट आठवायला बसले तेव्हा लक्षात आलं की ती दर वर्षी वेगळी असायची. कधी शिपाई विहिरीपाशी सापडायचा, कधी ओढ्यात. कधी संगीन, कधी फावडं. शेवटचं वाक्य तेवढं कधी बदललं नाही. "मी स्वतः मारला, आणि हा घ्या पुरावा."

पुराव्यावर एक डाग आहे. बाबा म्हणायचे, त्याचं रक्त. आज भिंग लावून पाहिलं. जुन्या फोटोंवरचे डाग काढणं हा माझा रोजचा धंदा. रक्त जुनं झालं की काळं पडतं, तडकतं. हा डाग पसरट आहे, कडेला गडद, आत फिकट. भरलेला कप हिंदकळल्यावर होतो तसा.

मग बाबांनी मारलाच नव्हता की काय? आधीच मरून पडलेल्या कोणाच्या तरी खिशात हात घातला आणि घरी येऊन शौर्य सांगितलं? एक तर बाबांनी माणूस मारला, नाहीतर आयुष्यभर थाप मारली. यातलं कमी वाईट कोणतं, तेही मला ठरवता येत नाही. आणि हे पाच ओळींत बसवायचं आहे.

१० मार्च

स्टुडिओत शाळाप्रवेशाची गर्दी. सकाळपासून चाळीस मुलं. पासपोर्ट असो, शाळेचा अर्ज असो, नियम एकच: डोक्यावर काही नको, नजर समोर, दोन्ही कान दिसले पाहिजेत. माणसाचा चेहरा बदलतो, कान बदलत नाही, असं बाबा सांगायचे. हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते की घरी एकदा कांदे चिरतानाही तोंडातून निघालं होतं.

एका मुलीने रडून गोंधळ घातला. केस कानामागे घ्यायला तयार नाही. मग नेहमीप्रमाणे काका मागच्या खोलीतून बाहेर आले.

काका म्हणजे बाबांचे लढाईतले सोबती. बाबा युद्धावरून परत आले ते यांना घेऊनच. जवळ गोळा फुटल्यापासून काकांचं बोलणं अडखळतं, प्रत्येक शब्द तोलून मापून येतो. घरदार नाही, जवळचं कोणी नाही. स्टुडिओमागच्या खोलीत राहिले, बाबांकडून फोटोंवर ब्रश मारायला शिकले आणि बाबांच्या पुढे गेले. मला हे काम त्यांनीच शिकवलं. उन्हाळा असो की थंडी, कानावर लोकरी टोपी. स्वतःचा फोटो कधी काढू देत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "दुकानातला माल घरच्यांनी वापरायचा नसतो."

आज त्यांनी टोपी काढली आणि डावा कान मुलीपुढे धरला. वरच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी खाच आहे. "हे बघ. मी सहा वर्षांचा असताना माझ्या ताईने माझे केस कापले. कापलेला तुकडा कुठे पडला, ते ती अजून शोधतेय."

मुलगी हसली, मी बटण दाबलं. माझ्या शाळेच्या पहिल्या फोटोत मीसुद्धा याच विनोदावर हसलेय. एवढ्या एका वाक्यात काका कधी अडखळत नाहीत. सवयीने असेल.

१६ मार्च

सीमेपलीकडून मेल आला. संघटनेच्या पत्रिकेत बाबांच्या निधनाच्या बातमीबरोबर कार्डाचा फोटो छापला होता, तो कोणीतरी इंटरनेटवर टाकला. नाव आणि नंबर वाचून कार्डावरच्या शिपायाच्या बहिणीच्या नातीने आमचा पत्ता शोधला. लिहिलंय, आजी सांगते तसं टाइप करतेय.

आजी म्हणते: माझा धाकटा भाऊ त्या लढाईत हरवला. मेला असं कोणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही नाही. तो मृत आहे या कागदावर सही करा असं सगळे बावन्न वर्षं सांगतायत, मी केली नाही. गावात त्या वेळच्या हरवलेल्यांची नावं दगडावर कोरणार आहेत. २० एप्रिलच्या आत सही हवी. तुमच्याकडचं कार्ड त्याचंच असेल तर मी सही करते. आमचं घर तेव्हा जळलं, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. चेहरा दिसेल असा पाठवता येईल का? आणि तुमच्या वडिलांनी काही सांगितलं असेल तर तेही कळवा. त्याला फार त्रास झाला का?

शेवटचा प्रश्न वाचून मी संगणक बंद केला.

१७ मार्च

दादा म्हणाला, "उत्तर द्यायचं नाही."

"म्हातारी बाई आहे रे ती."

"असेल. तिला काय लिहिणार? तुमच्या भावाला आमच्या बाबांनी फावड्याने मारलं, आपली विश्वासू?"

दादाचं हेच वाईट आहे, त्याचं बरोबर असतं तेव्हा ते असं असतं.

काकांना दुपारच्या चहाला सांगितलं. ते बराच वेळ ब्रश धूत राहिले.

"किती वर्षांची आहे म्हणालीस?"

"नातीने चौऱ्याहत्तर लिहिलंय."

"पंच्याहत्तर," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "असेल, आपलं अंदाजाने."

हल्ली काकांना प्रत्येक गोष्टीत दुरुस्ती सुचवायची सवय लागलीय. वयाप्रमाणे होणारच. बाबा गेल्यापासून जेवणही कमी झालंय. डॉक्टरला दाखवायला हवं.

२० मार्च

ठरवलं. गोष्ट सांगता येत नसेल, निदान चेहरा तरी देते. तो माझ्या हातातला आहे.

कार्डावरचा फोटो स्कॅन करून तीन दिवस त्यावर बसले. रिव्हेटांचा गंज काढला, शिक्क्याची शाई काढली, गालावरून जाणारी घडी मिटवली, डाग उतरवला. डाव्या कानाची वरची कड खाल्ल्यासारखी झाली होती. जुन्या कागदाचे असे पापुद्रे निघतात. उजवा कान उलटा करून, मापात बसवून तिथे लावला. शेवटी असा देखणा, कोवळा पोरगा निघाला की मीच बघत राहिले. एकवीस वर्षांचा, बारीक मिशी, गाल आत गेलेले. भीती वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

काकांना दाखवला. माझं काम ते तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"छान झालाय," म्हणाले. "इतका छान की कोणाला ओळखू येणार नाही."

ही स्तुती की टोमणा, ते कळलं नाही. मी विचारलं, कुठे चुकलं का? ते म्हणाले, "नाही. तू शिकलीस तसंच केलंस." आणि उठून मागे गेले.

२१ मार्च

फोटो पाठवला. सोबत एवढंच लिहिलं की तुमचा भाऊ कसा गेला ते मला ठाऊक नाही. हे खोटं नाही. खरंही वाटत नाही.

२९ मार्च

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते, म्हणजे मी काही चुकीचं वाचलं नाही हे मला उद्या कळेल.

"फोटो पोचला. कष्ट घेतलेत, आभारी आहे. पण हा माझा भाऊ नाही. तोंडवळा तसा आहे, आणि क्षणभर मला फसायचंही होतं. पण माझ्या भावाच्या डाव्या कानाला वर खाच होती. तो सहा वर्षांचा आणि मी आठ वर्षांची असताना मी आईच्या कात्रीने त्याचे केस कापले, तेव्हा तो कान मीच कापला. रक्त पाहून मी पळून गेले, आणि तो मला शोधत आला, मला मार बसू नये म्हणून. तुमच्या फोटोत कान अख्खा आहे. कार्डावर दुसऱ्याच कोणाचा फोटो लावला असेल, युद्धात काय नाही होत. आता मी थकले. २० तारखेला सही करून टाकते."

मी हे वाचत होते तेव्हा बाहेर काका कोणाच्या तरी मुलाला हसवत होते.

३० मार्च

स्टुडिओ बंद ठेवला. काकांना म्हटलं डोकं दुखतंय. त्यांनी गोळी आणून दिली. मी त्यांच्या कानाकडे बघत होते. टोपी होती.

सरळ अर्थ काढायला मन तयार होत नाही. भावाचा कान कापणाऱ्या बहिणी जगात पुष्कळ असतील म्हणून माझ्या माहितीतल्या आठवू लागले. एकही नाही.

स्कॅन केलेला मूळ फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. पापुद्रा नाही. खाचेची कड गुळगुळीत आहे, तिच्यावर उजेड पडलाय. मी रोज कान बघते. पोटासाठी कान बघते.

काका जर तो असतील, तर बाबांनी मारलं कोणाला?

२ एप्रिल

आज मूळ फोटो, हात न लावलेला, पानाएवढा छापून काकांच्या टेबलावर ठेवला. बहिणीचं पत्रही ठेवलं. त्यांनी सवयीने ब्रश उचलला, मग खाली ठेवला. पत्र वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"कान चांगला बुजवला होतास, पोरी."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? की फोटो खराब नाही, मीच असा आहे?"

ते अडखळत नव्हते. फक्त बोलण्याचा हेल वेगळा होता, पलीकडचा. सत्तेचाळीस वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. म्हणजे गोळा फुटला तोही खोटाच.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या आठवड्यात कैदी घ्यायचे नाहीत असा आमच्या बाजूला हुकूम होता. काका एका वीटभट्टीत लपले होते, बाबांना सापडले. बाबा बंदूक रोखून म्हणाले, कपडे काढ. "मला वाटलं, कपड्यांना भोक पडू नये म्हणून सांगतोय." मग बाबांनी त्यांना भट्टीबाहेर मरून पडलेल्या आपल्याच एका सोबत्याचे कपडे आणि रक्ताने फोटो पुसलेलं कार्ड दिलं. तो तुकडीत कालच आलेला, अनाथाश्रमात वाढलेला, त्याला चेहऱ्याने ओळखणारं किंवा त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. काका त्याचं नाव घेऊन दुसऱ्या तुकडीच्या जखमींमध्ये जाऊन पडले. बाबांनी काकांचं कार्ड साहेबापुढे टाकलं आणि म्हणाले, मारला. साहेबाने पाठ थोपटली, म्हणाला, ठेव आठवण म्हणून.

"मग ती आठवण ठेवावीच लागली. फेकली असती तर कोणी विचारलं असतं, कुठे गेली? तुझे बाबा ती गोष्ट जितक्या मोठ्याने सांगायचे, तितकं कोणी खोलात जायचं नाही."

"आणि डाग?"

"चहा. पहिल्या वर्षी एकाने विचारलं, रक्त कसं नाही? पुढच्या वर्षीच्या आत आम्ही दोघांनी मिळून सांडला. तुझी आई ओरडली, चांगली साखर वाया घालवली म्हणून."

"आईला माहीत होतं?"

"अगं, चहा तिचाच होता."

परत का गेला नाहीत, हे मी विचारलं. ते म्हणाले, पहिली कित्येक वर्षं वाट बंद होती. उघडली तेव्हा तिकडे जाऊन सांगणार काय? वाचवणाऱ्याचं नाव सांगितलं तर तो इकडे फासावर. नाही सांगितलं तर मी पळपुटा. "आणि खरं सांगायचं तर, मेलेला माणूस असण्याची सवय होते. तिनेही मला मेलेलं धरलंच असेल, असं मी धरून चाललो."

"तिने धरलेलं नाही. बावन्न वर्षं सही केलेली नाही."

काकांनी टोपी नीट केली.

५ एप्रिल

कोणावर रागवायचं ते ठरत नाही.

ज्या बाबांची मला लाज वाटायची त्यांनी ते काम केलंच नव्हतं. आता अभिमान वाटायला हवा, पण तोही नीट वाटत नाही. माझ्याशी इतकी वर्षं खोटं बोलले म्हणून राग येतो. गोष्ट सांगून झाली की त्या दिवशी ते जेवायचे नाहीत, हे आज आठवलं. मी समजायचे, पाहुण्यांबरोबर जास्त झाली.

बहिणीला कळवावं तर काकांचं सगळं उघडं पडेल. या वयात त्यांना कुठल्या कचेरीत उभं करतील? न कळवावं तर ती वीस तारखेला जिवंत भावाच्या मरणावर सही करेल, आणि तीही माझ्या कारागिरीमुळे त्याचा खरा चेहरा न बघता. मी काकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, "बघू." मी त्यांच्यावतीने ठरवू शकत नाही आणि तारीख काही थांबत नाही.

दादाने मजकुरासाठी चौथ्यांदा फोन केला. शेवटी एक वाक्य लिहून दिलं: "हे ओळखपत्र ज्याचं, तो सैनिक त्या लढाईनंतर आपल्या घरी परतला नाही."

"एवढंच? हे फारच पाणचट आहे," दादा म्हणाला. "मारला कुठेय यात?"

"जागा कमी होती."

"पाच ओळींची जागा आहे!"

"मग मोठ्या अक्षरात छापा."

दादाला सांगावं असं एकदा जिभेवर आलं होतं. पण तो आधी रडेल, मग सगळ्यांना सांगेल.

१४ एप्रिल

उद्घाटन झालं. काकांनी यायलाच हवं असं सेक्रेटरींचं म्हणणं होतं, जुन्यांपैकी तेवढेच उरलेत.

कार्ड मधल्या फळीवर आहे, उघडून ठेवलंय, वरून दिवा सोडलाय. दादाने माझा मजकूर वाचला आणि मग स्वतःच्या मनाने गोष्ट सांगितली. यंदा विहीर होती. शेवटी बाबांच्याच आवाजात म्हणाला, "बाबांनी स्वतः मारला, आणि हा घ्या पुरावा." टाळ्या झाल्या. काकांनीही वाजवल्या. मी नाही वाजवल्या, आणि मग वाटलं, वाजवायला हव्या होत्या.

सेक्रेटरी काकांचा हात धरून कपाटाशी घेऊन गेले. "तुम्ही होता ना हो तेव्हा? असंच झालं ना सगळं?"

"मी अगदी समोर होतो," काका म्हणाले.

"बघा! साक्षीदार."

काका काचेपुढे बराच वेळ उभे होते. काचेत त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं, बरोबर फोटोवर. एका काकूंनी त्यांना सांगितलं, "किती लहान आहे हो पोरगा. याच्या आईला काय वाटलं असेल." काका म्हणाले, "बहीण आहे त्याला." त्या काकूंना काय समजायचं ते समजलं.

आम्ही दोघं चालत परतलो. घराच्या कोपऱ्यावर येऊन ते थांबले.

"कार्ड तिथेच राहू दे. तुझ्या बाबांनी इतकी वर्षं सांभाळलेलं मोडायचं नाही."

"बरं."

"उद्या सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी वेळ आहे तुला?"

"कशाला?"

"फोटो काढायचाय. अर्जाला लागतो तसा."

१५ एप्रिल

साडेआठला काका बाहेर आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. जिथे ते इतकी वर्षं मुलांना बसवत आले त्या स्टुलावर बसले आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.

"टोपी," मी म्हटलं.

त्यांनी काढली. मांडीवर ठेवली.

"हनुवटी जरा वर. नजर समोर. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"माहीत आहे मला."

नातीने मेलमध्ये दिलेल्या पत्त्यावर छापील फोटो कुरिअरने पाठवायचा, सोबत चिठ्ठी नको, मागे नाव नको, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता स्टुडिओचा चालेल. पुढे काय होईल, ती येईल का, काका जातील का, कोणी विचारपूस करेल का, मला काही सांगता येत नाही. काकांनाही नाही. वीस तारखेच्या आत पोचायला हवं, एवढंच दोघांना कळत होतं.

कॅमेऱ्यातून पाहिलं तर चेहरा दगडासारखा झाला होता. असा चेहरा मुलांचा होतो तेव्हा काका येतात. आज काकाच स्टुलावर होते. मला तर एकच विनोद येतो, तोही त्यांचाच.

"काका," मी म्हटलं, "तुमची ताई तो तुकडा अजून शोधतेय."

त्यांनी तोंड उघडलं. मी बटण दाबलं.

पडद्यावर दोघांनी पाहिलं. ओठ अर्धवट उघडे, डोळे भरलेले, मान डावीकडे जरा कललेली. कुठल्याच अर्जाला चालणार नाही असा फोटो. मी म्हटलं, दुसरा काढूया, फार तर डोळ्यांखाली थोडं सारखं करते.

"नको," काका म्हणाले. "याला तू हात लावू नकोस."

आहे तसा पाठवला.